सुमनचा काढा
साधी तापाची गोळी घेतली तरी दुसऱ्या दिवशी मी आरशात डोळे निरखते. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, डोळे पिवळे झाले होते. माझा संशय तिच्या सासूबाईंच्या काढ्यावर. औषधापेक्षा माणसावर संशय घेणं सोपं जातं. “काय घालता त्यात?” मी त्यांना तोंडावर विचारलं.

नंतर सुमन हळूच म्हणाली, “ताई, काढा मी एकदाही प्यायले नाही. मोरीत ओतायचे.”

गोळ्या बदलल्यावर ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, “काहींच्या यकृताला या गोळ्या सोसत नाहीत. ते उपजतच असतं, भावंडांतही असू शकतं.”

मी सासूबाईंची माफी मागायला गेले. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही सख्खी बहीण ना तिची? डॉक्टरांना आधीच सांगत जा.”