भेव लागते का?

साहेबरावभाऊ आपल्याकडे मोटारसायकल शिकणाऱ्या पोरापोरींना शर्यतीत सोडण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. मोटारसायकली रेषेवर लागलेल्या, किक मारायची बाकी, आणि हा उंच, वाळका माणूस डावा पाय ओढत एकेकाजवळ जायचा. वाकून इंजिनावरच्या प्लगच्या टोपीवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "भेव लागते का?" पोरगं "हाव, लागते" म्हणालं की पाठीवर थाप पडायची, "मंग जाय." "नाही लागत" म्हणालं की टोपी उपटून सरळ खिशात! ती टोपी नसली की गाडी सुरूच होत नाही. बाकीचे धुरळा उडवत निघून जायचे आणि आपला बहाद्दर जागच्या जागी उभा.

मी जन्माची भित्री. गॅसचं सिलिंडर बदलायचं तर अजून शेजारच्या काकांना हाक मारते. स्कूटरवर मागे बसले तरी डोळे घट्ट मिटते. असल्या बाईच्या पोटी ही प्रणाली! अमरावतीच्या कॉलेजात जाते म्हणून सांगायची आणि जायची भातकुलीला, साहेबरावभाऊंच्या शेतातल्या मातीच्या ट्रॅकवर गाड्या उडवायला. मला कळलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली, एसटी पकडली आणि त्या माणसाची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून निघाले.

शेताच्या कडेला पत्र्याची शेड होती. आत भिंतभर जगातल्या नामांकित स्वारांची चित्रं, गुडघा जमिनीला टेकेल इतके वाकलेले. खाली भाऊंचे स्वतःचे चषक, एकावर एक रचून ठेवलेले. त्यांच्या तरुणपणी विदर्भात मातीवरची शर्यत म्हटली की त्यांचंच नाव निघायचं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला दिसला तो फक्त हात तेलाने माखलेला एक म्हातारा. मी तोंड सोडलं. माझी एकुलती एक पोर, तिच्या जिवाचं काही झालं तर तुम्ही देणार आहात का भरून, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुमाले लय भेव लागते का?"

"लागतं! हे बघा, हात थरथरतायत माझे!"

त्यांनी खरंच माझ्या हातांकडे पाहिलं आणि वळून शेडमधल्या पोरांना हाक मारली. "पाहा रे इकडं! असं भेव पाह्यजे मानसाले!" आणि मला म्हणाले, "पोरगी तुमच्यावर गेली असन तं काई काळजी नाई. भेव म्हनजे बिरेक व्हय, ताई. बिनबिरेकची गाडी कोनी चालवते का?"

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? चहा पिऊन घरी परत आले. प्रणालीचे बाबा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वेड्यांचा बाजार आहे."

भाऊंकडे त्यांची जुनी लाल टाकीची टू-स्ट्रोक गाडी होती. तिला ते 'जावई' म्हणत. रोज पुसायची, सावलीत ठेवायची, तिच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही. "जावयाचं मन राखा लागते, नाईतं आयत्या वक्ताले रुसते," म्हणायचे. आताच्या खेळाचंही त्यांना कौतुक होतं. छातीला कवच, गुडघ्याला कवच, मुलींची वेगळी शर्यत, दक्षिणेतले गुळगुळीत मोठे ट्रॅक. मोबाइलवर परदेशातल्या शर्यती बघताना कुणी वळणावर झुकला की लहान पोरासारखे ओरडायचे, "अरे, काय वयन घेतलं बापा त्यानं!" आणि कुणी पडलं की मोबाइल उलटा ठेवून द्यायचे. तो पडलेला उठला की नाही, ते दुसऱ्याला बघायला लावायचे.

त्यांचा डावा पाय कसा गेला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. "ओळीनं जिंकत होतो, ताई. त्या दिवशी रेषेवर उभा होतो अन् मनात काईच नोतं. ना धडधड, ना काई. मले वाटलं, आता आपन खरे उस्ताद झालो. पहिल्याच उडीले गाडी एकीकडं अन् मी एकीकडं." आणि गुडघा चोळत बसले.

आमची मुलगी जिंकायला लागली आणि माझी झोप उडाली. शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या टँकरच्या मागे, कानात कापूस घालून, पदर मुठीत धरून बसायचे. अकोल्याच्या शर्यतीत भाऊंनी तिला विचारलं, "भेव लागते का?" ती हसून म्हणाली, "आता कसलं भेव, भाऊ?" टोपी खिशात! पोरगी रडली, पाया पडली. भाऊ ढिम्म. मी टँकरमागे मनातल्या मनात पेढे वाटत होते. गंमत म्हणजे त्या दिवशी कुणालाच काही झालं नाही. सगळे धडधाकट परतले. प्रणाली फणकारली, "बघा, काही झालं असतं का?" भाऊ म्हणाले, "नाई झालं तं बरंच झालं ना, पोरी." ती महिनाभर भातकुलीला गेली नाही. मग आपणहून गेली.

मागच्या वर्षी भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आत न्यायच्या आधी आम्ही मायलेकी भेटायला गेलो. हिरवे कपडे घातलेले भाऊ खाटेवर फार छोटे दिसत होते. प्रणाली त्यांच्यावर वाकली आणि त्यांच्याच सुरात म्हणाली, "भाऊ, भेव लागते का?"

 छताकडे बघत ते म्हणाले, "नाई वो, पोरी. काईच नाई लागून राह्यलं."

 प्रणालीचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "भाऊ, असं नका बोलू. खोटं तरी बोला!" ते नुसते हसले. तेवढ्यात वॉर्डबॉय आला आणि खाट ढकलत घेऊन गेला. त्या खाटेला उपटून खिशात घालावी अशी काही टोपी नव्हती. भाऊ शुद्धीवर आलेच नाहीत.

या हिवाळ्यात अकोल्याला पुन्हा शर्यत लागली. प्रणाली रेषेवर उभी होती आणि हेल्मेटमधून इकडेतिकडे बघत होती. कुणाला शोधते आहे, ते मला टँकरमागूनही कळलं. कसं कोण जाणे, मी कानातला कापूस काढला आणि दोरीखालून आत शिरले. एक पोरगा ओरडला, "ओ काकू, तिकडं नाई जाता येत!" मी ऐकलंच नाही.  तिच्या गाडीपाशी जाऊन वाकले आणि प्लगची टोपी मुठीत धरली. खरं सांगते, मनात एकच होतं. नाही म्हण. एकदा नाही म्हण गं बाई, की ही उपटते आणि तुला घरी घेऊन जाते.

"भेव लागते का?" मी विचारलं.

तिने काच वर केली. डोळे भरलेले होते. "लागते, आई," ती म्हणाली. "लय लागते."

मूठ सुटता सुटेना. शेजारच्या गाड्यांना किका बसायला लागल्या. शेवटी एकेक बोट सोडवत मी हात काढून घेतला आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"मंग जाय."