झोपेचा रकाना

खाडीचं पाणी ओसरून तीन आठवडे झाल्यावर बमरोलीतल्या एका गल्लीचं काम माझ्याकडे आलं. मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पूर आलेल्या वस्तीत खानदेशी घरं जास्त, म्हणून आरोग्य केंद्राने आम्हा काही शिक्षिकांना दोन दिवस शिकवून मनावरचा ताण नोंदवायचे फॉर्म दिले. झोप लागते का, जेवण जातं का, छातीत धडधडतं का. उत्तराप्रमाणे शून्य ते तीन आकडा मांडायचा, त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन, आणि दर महिन्याने पुन्हा त्याच घरी जायचं.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळीकडे शून्यच आलं. मला त्यात काही खटकलं नाही. कापडाचे लूम सुरू झाले होते, माणसं कामावर जात होती.

गल्लीच्या टोकाला एक तिशीतली बाई राहायची. नवरा लूमवर, सासू पुरानंतर धुळ्याला लेकीकडे गेलेली. मी शाळेतल्या मराठीत विचारत गेले आणि ती दर वेळी "हो बेन, चांगलं आहे" म्हणत गेली. तिच्या फॉर्मवरही मी शून्यं मांडली.

महिन्याने गेले तेव्हा तिने चहा ठेवला होता. बोलता बोलता तो उतू जायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा उतू ऱ्हायना, माय."

ती गॅस बंद करायचा विसरली. "तुम्ही आमनाच का, बेन?"

मी त्यांच्यातलीच होते, माझी आई अहिराणीच बोलायची. नोकरी लागल्यावर मी ती भाषा घराबाहेर काढली नव्हती. फॉर्म मांडीवरच होता. मी पहिला प्रश्न पुन्हा विचारला, "झोप येस का तुले?"

तिने आता कुठे गॅस बंद केला. मग म्हणाली, "डोया लागना का पानी उनं आशे वाटस." डोळा लागला की पाणी आलं असं वाटतं.

पाणी शिरलं तेव्हा नवरा कामावर होता. सासूला धरून ती वरच्या मजल्यावर निघाली होती. जिन्याच्या तोंडाशी म्हातारीचा हात सुटला आणि ती पाण्याखाली गेली. शेजाऱ्याने केसांना धरून वर ओढली. म्हातारी वाचली. त्यामुळे ही गोष्ट कुणाला सांगावी असं हिला वाटलंच नाही. नवऱ्यालाही हात सुटल्याचं माहीत नव्हतं. कुणी गेलं असतं तर रडले असते, आता कशाला, असं ती म्हणाली.

मी झोपेच्या रकान्यात तीन लिहिलं आणि तिला केंद्रातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवायची चिठ्ठी केली. नवऱ्याने आधी नको म्हटलं. गल्लीत वेडी म्हणतील, ही त्याची भीती. मी दोनदा जाऊन बसले, तेव्हा तो तयार झाला. पहिल्या दिवशी तोच तिला घेऊन गेला, आणि हात सुटल्याची गोष्ट त्याने तिथेच पहिल्यांदा ऐकली.

पहिल्या फेरीचे फॉर्म तोवर जमा झाले होते. ते बदलता येणार नाहीत, असं मला सांगण्यात आलं. मग दुसऱ्या फेरीतल्या उरलेल्या प्रत्येक घरी मी अहिराणीतच विचारलं. बऱ्याच घरांतली शून्यं गेली. काही ठिकाणी मात्र ती राहिली, आणि ती खरी होती.

ती बाई केंद्रात पाच-सहा वेळा गेली. दिवाळीच्या सुमारास सासू परत आली. दोघींचं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. झोप आता येते, पाऊस लागला की येत नाही, असं तिने शेवटच्या फेरीत सांगितलं. मी एक लिहिलं.