दादाच्या पायाची नाडी

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो दादामुळे. शाळा सोडून तो रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये लागला, म्हणून मी पुण्यात शिकलो. दादाने तिशी ओलांडली आणि त्याच्या पोटऱ्या दुखू लागल्या. वलवणच्या घरून निघाला की लायनीच्या कडेने तो तारेचे चार खांब चाले आणि थांबे. पुढे दोन. मग एकच. पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा मी त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी पावलावर बराच वेळ बोटं टेकवली. "नाडी लागत नाही," ते म्हणाले. मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. आजार विरळा, तरुण पुरुषांना होणारा. रक्तवाहिन्या आतून सुजतात, रक्त गोठतं, वाट बुजते. "तंबाखू सुटली नाही तर पाय काढावा लागेल."

मी दादाला सांगितलं, विडी सोड. त्याने तिथेच बंडल टाकलं.

तरी दोन महिन्यांनी दुसरं बोट काळवंडलं. माझं कशात लक्ष लागेना. तळेगावच्या शाळेत शिकवताना फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबे. रविवारी घरी गेलो की आधी त्याचे खिसे चाचपी.

"पोलीस झालास व्हय रं?" दादा म्हणायचा. "न्हाई वढत म्हनलं ना. तुज्या वैनीची आन."

एका रविवारी सकाळी वहिनी तव्यावर काहीतरी काळंकुट्ट भाजत होती. दादा ओट्यावर पाय खाली सोडून दातांना मिश्री घाशीत होता. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो. त्या दिवशी वास नाकात गेला आणि मी जागीच थांबलो.

"दादा, ही मिश्री कशाची?"

"तंबाकूची. बीए झालास आन् येवडं बी ठावं न्हाई?"

"मग हीपण बंद. डॉक्टरांनी नुसती विडी नाही, तंबाखूच सोडायला सांगितली होती," मी म्हणालो. वहिनीचा हात थांबला. "आवं, थुका ते आदी!"

"मग दात कशानं घासू?"

"राखंनं!" तिने तवा उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला. स्वतःचीही डबी तिथेच रिकामी केली.

डॉक्टर तंबाखू म्हणाले होते. शिकलेला मी, विडीच धरून बसलो होतो.

दोन बोटं गेली, पाय राहिला. पुढच्या उन्हाळ्यात दादा तिसऱ्या खांबापर्यंत गेला. पण माझी धास्ती गेली नाही. मी घरात पाऊल टाकलं की दादा न सांगता दात घासलेली तर्जनी माझ्या नाकापुढे धरी.

"हुंग. राकच हाय."

मी खरंच हुंगत असे.