सत्यशीलाच्या मशीनला नवा बोर्ड

दुर्गजवळ मरोद्यातल्या पोलाद प्लांटच्या क्वार्टरमध्ये सत्यशीला मेश्राम घरच्या घरी मराठी लग्नपत्रिका आणि बुद्धविहाराची स्मरणिका संगणकावर जुळवून द्यायची. नवरा लहानू प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. संगणक इतका जुना, की एका पानावरून दुसऱ्यावर जायचं तर सत्यशीला बटण दाबून उठायची आणि कणीक मळून परत यायची. फोटो टाकला की मशीन बसलंच. म्हणून स्मरणिकेतले फोटो गोंदाने चिकटवायचे आणि छापून आले की नुसते काळे डाग.

शहाण्णव साली महिला मंडळाने ठरवलं, प्लांट उभा राहताना ज्यांनी घमेली उचलली त्या बायांचे फोटो विहाराच्या जयंतीच्या अंकात छापायचे. त्यात सत्यशीलाची सासू शेवंताही होती. यंदा डाग चालणार नव्हते. दुर्गच्या दुकानदाराने नवंच मशीन घ्या म्हटलं. सत्यशीलाने ऐकलं नाही. ती गाडीने नागपूरला गेली, सीताबर्डीतून प्रोसेसरसकट नवा मदरबोर्ड आणि रॅम घेतली आणि ते कसं बसवायचं तेही दुकानातच उभं राहून शिकून आली.

रविवारी सकाळी तिने जमिनीवर चादर अंथरून संगणकाचा डबा उघडला आणि नवा बोर्ड बसवला. विजेचे दोन प्लग असे लावायचे होते, की काळ्या तारा मधोमध शेजारी याव्यात. उलटे लागले तर बोर्ड जळणार. तिने पुन्हा पुन्हा पाहून घेतलं. लहानू स्विचवर हात ठेवून उभा होता.

"जळलं तं?"

"मंग जळन. तुमी चालू करा."

पडदा उजळला. तिने अंकाची फाइल उघडली आणि सवयीने उठली. वळून पाहते तर पान समोर हजर. ती परत खाली बसली. दुसरं पान, तिसरं, पुन्हा पहिलं. बोट उचलायच्या आत पान येत होतं. काही बिघडलं तर नाही ना, असंच तिला आधी वाटलं. मग ती हसतच सुटली आणि लहानूला ओढून बाजूला बसवलं.

आता फोटो. सुपेल्याच्या दुकानातून स्कॅन करून फ्लॉपीत भरून आणलेला शेवंताचा फोटो तिने पानावर टाकला. क्षणात डोक्यावर घमेलं घेतलेली तरुण बाई उभी राहिली.

शेवंता चष्मा पुसत जवळ आली. "मी इतकी बारीक होतो? अजून मोठी कर मले."

सत्यशीलाने फोटो पानभर केला. मग दुपारपर्यंत तिघं जेवण विसरून एकेका बाईचा फोटो लावत बसली, आणि शेवंता प्रत्येकीचं नाव सांगत गेली.

जयंतीला अंक निघाला. त्यात एकही डाग नव्हता.