साडभाऊंचं डावखुरं पिस्तूल

जगातली एकूण एक वस्तू उजव्या लोकांनी संगनमत करून बनवली आहे, आणि हे संगनमत ओळखणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे: माझे थोरले साडभाऊ. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं आपण निवडत नाही, लग्नात ते अंगावर येतं. मी वर्ध्याला नालवाडीत राहतो, आणि ते तिकडे तळेगावला संत्र्याच्या बागेत. पण त्यांच्या डावखुरेपणाची झळ एवढ्या अंतरावरूनही मला लागते. कात्री त्यांच्या मते उजवी, विळ्याचे दाते उजवे, ग्रामपंचायतीतला दोरीनं बांधलेला पेनसुद्धा उजव्या बाजूला बांधलेला. त्यातल्या त्यात चहाचा कप तेवढा प्रामाणिक, कारण त्याचा कान हवा तिकडे फिरवता येतो.

बागेतलं घर बांधलं तेव्हा मिस्त्रीच्या मानगुटीवर बसून त्यांनी सगळी दारं उलटी बसवून घेतली. कड्या डावीकडे, नळ उलटे, दिव्यांची बटणंसुद्धा अशा जागी की पाहुण्यानं अंधारात भिंत चाचपत बसावं. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा गेलो, तर न्हाणीघरात अडकलो. कडी कुठल्या बाजूला सरकते तेच कळेना. आत मी घामाघूम, आणि बाहेरून साडभाऊ शांतपणे म्हणतात, "आता समजलं काय, आमी कसे जगतो ते?" मग मोठीबाईनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, येऊन मला बाहेरून युक्ती सांगितली. ती बिचारी शंभर टक्के उजवी. उलट्या घरात जन्म काढला तिनं, पण तक्रारीचा सूर कधी ऐकला नाही.

लग्नातच तिला कळून चुकलं असणार म्हणा. घास भरवायची वेळ आली तेव्हा साडभाऊंनी जिलेबीचा तुकडा डाव्या हातात उचलला. मांडवात एकच गलका झाला. म्हाताऱ्या म्हणाल्या, अपशकुन आहे, हात बदल. साडभाऊ म्हणाले, "उजव्या हातानं खाऊ घातलं तर ते खोटं होईल." मोठीबाईनं डोळे मिटले आणि तो डाव्या हाताचा घास खाऊन टाकला. पुढे ती कायम त्यांच्या डाव्या अंगानं चालायची. शास्त्रात बायकोची जागा तीच आहे, हे तर झालंच. पण ती नुसती चालायची नाही, त्यांचं डावं कोपर धरून चालायची. तिचा एक गुडघा वाईट होता, त्यामुळे एक पाऊल जड पडायचं आणि एक हलकं. साडभाऊ कुरकुरायचे, "माहा कामाचा हात अडकवून ठेवते हे." त्यावर ती म्हणायची, "मंग? मोकळा सोडला तर कोनाच्या कानाखाली जाईन, नेम नाई त्याचा." खोटं नव्हतं ते. साडभाऊंचा राग आधी हातात यायचा आणि मग डोक्यात.

बंदुकीचं खूळ मुळात मोठीबाईचं. बाग रानाला लागून. रानडुकरं येतात, क्वचित बिबट्याही. तिनं भुणभुण लावली, एक काहीतरी घेऊन ठेवा, कमरेला राहील असं. साडभाऊंनी परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या जमादारानं विचारलं, "तुमचं कोणाशी वैर आहे का?" साडभाऊ म्हणाले, "कोनाशीच नाई साहेब, म्हनून तर भेव वाटते." आता या उत्तरावर परवाना मिळतो की नाही हे देवालाच ठाऊक, पण मिळाला. फक्त उशिरा मिळाला. तोवर साध्या तापाचं निमित्त होऊन मोठीबाई गेली होती.

त्यानंतर साडभाऊंचे फोन सुरू झाले. पहिला फोन मला चांगला आठवतो. म्हणाले, "साडभाऊ, दिवस मावळताना धुऱ्यानं घरी येतो, तर डावीकडून कोनतरी चालते." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. मी म्हटलं, "तुमाले भास झाला असन." तर चिडले. "भासाले पाय असते काय? सागाची पानं वाजते ना बाप्पा! मी थांबलो का तेही थांबते." वनखात्याच्या माणसाला बोलावलं. त्यानं पावलांच्या खुणा शोधल्या, काही सापडल्या नाहीत. आवाजाचं वर्णन ऐकून तो म्हणाला, एक पाऊल जड, एक हलकं, म्हणजे लंगडा बिबट्या असावा. साडभाऊंना ते पटलं. "एक दिवस दाखवतोच त्याले," असं म्हणून त्यांनी पिस्तुलाचा शोध सुरू केला.

तो शोध चांगला वर्षभर चालला. इंटरनेटवर वाचून वाचून त्यांनी मला रोज नवीन दुःख सांगायचं. पिस्तुलाचा गोळी अडवून धरणारा खटका डाव्या अंगाला असतो, का, तर तो उजव्याच्या अंगठ्याखाली यावा म्हणून. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या थेट तोंडासमोरून जाते. "पहा," ते म्हणायचे, "मरतानाही उजव्याचीच सोय." मी म्हणायचो, उजव्या हातानं झाडा की. ते म्हणायचे, "थे येते डावीकडून. आडवा हात करून कोन झाडत बसन?" बोलता बोलता अधूनमधून आवाज उतरायचा. "काल मी मुद्दाम हळू चाललो. तेही हळू चाललं." पंखा सुरू असूनही मानेवर घाम यायचा, आणि मग मी उगाच संत्र्याच्या भावाचा विषय काढायचो.

माझ्या बायकोला मात्र बिबट्याची भीती नव्हती. तिला पिस्तुलाची होती. ती भाजी चिरता चिरता एकदा म्हणाली, "एकट्या मानसाच्या घरात थे कायले पाह्यजे? भाऊजी रोज सांजच्याले त्या धुऱ्याकडं पाहत बसते. एखाद्या दिवशी..." मलाही पुढचं ठाऊक होतं, कारण मीही तेच घोकत होतो. बिबट्या नाहीच सापडला आणि हातात ते भरलेलं राहिलं, तर तो रागीट हात कुठे वळेल? मोठीबाई असती तर तिनं कोपर धरलं असतं. "तुम्ही सोबत जा," बायको म्हणाली, "आन् घेऊ देऊ नका."

मी गेलो. नागपूरच्या त्या दुकानात सगळं कसं थंड होतं, काचेखालच्या मखमलीसकट. दुकानदार मोठा गोड माणूस. त्यानं आधी पिस्तूल दाखवलं. साडभाऊंनी ते डाव्या हातात घेतलं आणि नाक मुरडलं. मग रिव्हॉल्व्हर निघालं, मधोमध मोडून उघडणारं. "काकाजी, ये लो," दुकानदार म्हणाला, "याले ना डावा समजत, ना उजवा. पुंगळी उडत नाही, खटक्याची झंझट नाही. तुमच्यासाठीच बनली समजा." साडभाऊंचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदा एका वस्तूनं त्यांच्याशी बेइमानी केली नव्हती. डाव्या पंजात ते नेमकं बसलं. त्यांनी हात लांब करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. हात जराही हलत नव्हता.

तशाच नेमात राहून साडभाऊंनी विचारलं, "डाव्या अंगाले कोनी चिकटून उभं राहिलं, तर त्याले काही होते काय?"

दुकानदार म्हणाला, "होते ना. चक्री आणि नळी याच्या मधात फट असते. झाडलं की दोन्ही बाजूंनी गरम झोत निघते. हात भाजन त्याचा. पण काकाजी, तिथं कोणी उभंच नाही राहायला पाहिजे."

"आता नाई कसं म्हनू," साडभाऊ हळूच म्हणाले, "राह्यते."

दुकानदार हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मी नाही हसलो. साडभाऊंनी हात खाली घेतला, ते रिव्हॉल्व्हर मखमलीवर दोन्ही हातांनी ठेवलं, तान्हं मूल ठेवावं तसं, आणि म्हणाले, "मंग नको." तळेगावच्या फाट्यावर उतरताना म्हणाले, "थे वनखात्यावाल्याले काही समजत नाई, साडभाऊ."

बायकोचा विश्वास बसेना. नाही घेतलं म्हणजे नाहीच घेतलं, की दुसऱ्या दिवशी एकटे जाऊन घेतील? स्वतः पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. होळी नुकतीच होऊन गेली होती, सागानं सगळी पानं टाकली होती. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि साडभाऊ बागेतून निघायच्या बेतात होते. "चला, धुऱ्यानंच जाऊ," ते म्हणाले. मी मागे राहिलो. बायको आपली सवयीनं त्यांच्या डावीकडे जाऊन चालू लागली.

साडभाऊ थांबले. एवढ्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "इकडं ये बाई, उजवीकडं. तिकडं जागा नाई."

तेव्हा मी पाहिलं. त्यांचा डावा हात कोपरात जरासा वाकलेला होता, अंगापासून थोडा लांब. बायकोनंही पाहिलं. ती त्यांच्या उजवीकडे गेली. ते दोघं चालू लागले, मी मागून. पानं वाजत होती. साडभाऊंची पावलं मला ओळखू येत होती, बायकोचीही. तिसरं पाऊल जड पडत होतं, मग हलकं, मग जड. वारा असेल. त्या वेळी वारा सुटतो तिकडे.

बायकोनं वळून पाहिलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि समोर बघतच, घरात माजघरातून हाक मारावी इतक्या सहज म्हणाली, "मोठीबाई, हळू चाल वं. गुडघा दुखन."

साडभाऊंनी आपली पावलं लहान केली.