यशोधराची अकरावी फेरी

नगरच्या एमआयडीसीजवळ बन्सीचं किराणा दुकान आहे. यशोधराताईंचं कुठंतरी मोठं हॉटेल असावं, अशी त्याची ठाम समजूत होती. एका वेळी वीस डबे टूथपिक दुसरं कोण नेणार?

यशोधरा मूळची खर्ड्याची. आई, चांगुणाबाई, ऊस तोडायला जायची. मुलगी एमएस्सी झाली आणि एका औषध कंपनीत एन्झाइम सुधारायला लागली. औषधाच्या कच्च्या मालात डाव्या-उजव्या चपलेसारखे दोन प्रकारचे रेणू असतात. एन्झाइमनं फक्त उजवे उचलायचे. ते शिकवण्याची रीत अशी : एन्झाइमच्या जनुकात मुद्दाम चुका करायच्या, ती चुकलेली जनुकं जिवाणूंत घालायची, बशीत उगवलेला त्यांचा एकेक ठिपका टूथपिकनं उचलून तपासायचा. सगळ्यात अचूक निघेल त्याच्यात पुन्हा चुका करायच्या. उरलेले दोनेक हजार वाफेवर शिजवून टाकायचे. त्यांचा काही गुन्हा नसतो. ही झाली एक फेरी. सात वर्षांत यशोधराच्या दहा झाल्या.

मे महिन्यात श्रीरामपूरच्या एका कॉलेजात तिला शिकवण्याची जागा मिळाली. अट एकच, पंधरा जुलैपर्यंत कंपनीचं रिलिव्हिंग लेटर घेऊन रुजू व्हायचं. तिचे साहेब अंगद सर म्हणाले, "शंभरात नव्व्याण्णव उजवे आण, त्याच दिवशी सही करतो. तुझ्याइतका हात दुसऱ्या कुणाचा बसलाय, सांग?" हे कौतुक होतं.

अकरावी फेरी तिनं घाईनं उरकली. प्रत्येक ठिपक्याच्या दोन चाचण्या असत, अचूकपणाची आणि वेगाची. वेगाची तिनं गाळली. तीन आठवडे वाचले. सरांनी वेग मागितलाही नव्हता.

पाच जुलैला नव्व्याण्णव पूर्णांक दोन आले. तिनं अहवालाखाली लेटर ठेवलं. सरांनी चहा मागवला, आणि सहीआधी एकदा मोठ्या टाकीत चालवून बघू म्हणाले.

जुनं एन्झाइम जे काम आठ तासांत करायचं, ते याला चार दिवसांत जमलं नाही. हे इतकं चोखंदळ झालं होतं, की उचलायचंच विसरलं होतं.

"वेग कुणी पाहिला नाही?" सरांनी वही उघडली. वेगाचा रकाना कोरा होता. खाली तिची सही होती.

"मीच सोडला, सर."

"मग हे आता मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू?" सरांनी लेटर फाडलं नाही. नीट घडी घालून खणात ठेवलं. "बारावी झाली की लगेच."

आईचा फोन आला. "सुटलीस का गं?"

"न्हाई. आनखी एक फेरी हाय."

"चांगलं तोडनाऱ्याला मुकादम सोडतो व्हय? जरा वाईट तोडायचं की."

"वाईटच तोडलं, आई. म्हनून तर अडकले."

पंधरा जुलैला, कॉलेजात हजेरी घ्यायच्या वेळी, ती बन्सीच्या दुकानात उभी होती.

"वीसच ना, ताई?"

"चाळीस दे. या वेळी दुप्पट लागतील."

"हॉटेल लई जोरात चाललंय म्हना की!"

"हां," ती पिशवी उघडत म्हणाली. "बंदच करता येत न्हाई."