निळ्या खडूच्या खुणा

तोंडात चार टाचण्या धरूनही माणसाला झापता येतं, हे आमच्या राजाजीनगरच्या शिवणवाल्या कानडी अक्कांना पाहिल्याशिवाय पटायचं नाही. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत मी पहिल्या वर्षी आपटलो होतो. पुन्हा आपटलास तर आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलं. तेव्हा ‘घरी लक्ष लागत नाही’ या सबबीखाली मी रोज दुपारी अक्कांकडे पुस्तकं मांडू लागलो.

“स्वल्प वाच, पण रोज वाच,” हा त्यांचा मंत्र. मी रोज यायचो, एवढं खरं. सराव परीक्षेत एकशेवीसपैकी चाळीस पडले की घरी ऐंशी सांगायचो आणि पेपर अक्कांच्या कापडांखाली दडवायचो. “अक्का, आज उत्साहच नाही,” म्हटलं की मशीन न थांबवता उत्तर यायचं, “मलाही ब्लाउज शिवायचा नसतो रे. गिऱ्हाईक मात्र येतंच.”

एकदा दडवलेला पेपर काढला, तर प्रश्नाप्रश्नावर कापड बेतायच्या निळ्या खडूची खूण. आधी हसलो. मग सहज उत्तरं ताडून पाहिली. ब्याण्णव बरोबर! मी मटकन बसलो, तो नेमका टाचण्यांच्या उशीवर.

“अक्का, हे कुणी सोडवलं?”

“मीच. तू घोरत असायचास तेव्हा. का, चुकलं?”

“तुम्ही... बारावी झालाय?”

“फर्स्ट क्लास. मग लग्न झालं.”

परीक्षेला वयाची अट नाही, हे मीच कधीतरी ऐटीत सांगितलं होतं. बाईंनी फॉर्मही भरून टाकला होता!

परीक्षेच्या दिवशी फाटकावरच्या माणसानं त्यांना अडवलं. “पालकांनी बाहेर थांबा.” अक्कांनी प्रवेशपत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि माझ्याकडे बोट केलं. “सरी अण्णा, बरोबर आहे तुमचं. पालक हा आहे, याला थांबवा.”

त्यांचं नाव यादीत आलं, माझं नाही. गल्ली थक्क झाली; मी तर गारच. कारण ‘नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका’ असा धीर आदल्या दिवशी मीच त्यांना दिला होता.

परगावच्या कॉलेजला निघताना बसच्या पायरीवरून त्यांनी विचारलं, “घरी काय सांगितलंस?”

“थोडक्यात हुकलं म्हणालो.”

“आणि सरावाचे ते ऐंशी?”

मी त्यांची पिशवी बसमध्ये सरकवू लागलो.

“जा, आधी खरं सांग. अभ्यासाचं मग बघू.”

घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

“अक्कांनी मला दिवाळीतच सांगितलं होतं. तू कधी सांगतोस, ते बघत होतो.” माझा आ मिटेना. “बस आणखी एकदा परीक्षेला. दुकान कुठं पळून जात नाही.”